फुटक्या नळ्यांचा रकाना

"हळू, काका. फुटली तर आतला पारा उडेल, अख्खा वॉर्ड रिकामा करावा लागेल."

वायरमनने शिडीवरून नळी खाली दिली. "माझी मुलगी सासरी गेली, तेव्हा तिलाही कुणी एवढं जपून नेलं नव्हतं."

खाली उभी असलेली मुलगी मास्कआड हसली. जुन्या ट्यूबलाइट आणि पाऱ्याची उपकरणं गोळा करणाऱ्या कंपनीची ती. तिने नळी खोक्यात सरकवली. शेजारच्या पेटीत बीपी मोजायची पाऱ्याची यंत्रं, चिकटपट्टीने बंद केलेली. वायरमनच्या नोकरीचे सतरा दिवस उरले होते.

जेवणानंतर तिने फॉर्म काढला.

इमारतीचं वय: एकावन्न.
उतरवलेल्या नळ्या: सहाशे बारा.
यापूर्वीच्या बाद नळ्यांचं काय केलं:

"निरंक लिहा," हॉस्पिटलचे इंजिनिअर साहेब म्हणाले.

"निरंक कसं?" मुलगी म्हणाली. "इतक्या वर्षांच्या नळ्या काय विरघळल्या?"

साहेब हसले. तिला फोन आला, ती बाहेर गेली, तसे ते खुर्ची सरकवून वायरमनजवळ आले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याकडे आहेत. चौकशी लागली तर तिथंच पडून राहतील. आणि तुमचा जोडीदार तर गेला. मेलेल्या माणसाला कशाला ओढता?"

रकाना रिकामा.

जोडीदाराला सगळे खांब म्हणत. स्टुलाशिवाय त्याचा हात छताला पोचायचा. स्टोअरमध्ये जागा नाही, फोडून टाका, असा हुकूम होता. दर शनिवारी ड्रम, सळई, फट्. पांढरी धूळ उडायची. "फुकटचे फटाके," खांब म्हणायचा. ड्रम स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात रिकामा व्हायचा. सिस्टर फुटके थर्मामीटरही तिथंच पाठवायच्या. पुढे खड्डा भरला, वर माती टाकली. वॉचमनला तिथं खोली मिळाली आणि त्याच्या बायकोने पालक लावला. "माती कशी भुसभुशीत आहे, भाऊजी," ती म्हणाली होती. वायरमनने तिला खड्ड्याचं सांगितलं नव्हतं. माती सगळं पचवते, असं त्याला वाटलं होतं. नऊ वर्षं त्याच्याही घरी जुड्या जात होत्या.

मुलगी परत आली.

"लिही बाई," वायरमन म्हणाला. "ड्रममध्ये फोडून मागच्या खड्ड्यात टाकल्या. मी आणि माझ्या जोडीदाराने."

"सही तुमची एकट्याची," साहेब उठता उठता म्हणाले.

सही वेडीवाकडी आली. वर्षभर तशीच येत होती.

चार वाजता तो वॉचमनच्या खोलीपाशी गेला. बायको पालकाला पाणी घालत होती. त्याने सांगितलं. माती तपासायला नेतील. तोवर इथलं काही खायचं नाही. उपटायचंही नाही.

तिने बादली खाली ठेवली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"खड्डा आधीपासूनच माहीत होता. पाऱ्याचं नीट आज कळलं."

"नीट म्हणजे?"

त्याने तिची बादली वाफ्यापासून दूर सरकवली.

"नीट म्हणजे काय, भाऊजी?"

"खांबाचे हात कापायला लागले. चहाची बशी धरवेना. तेव्हा शंका आली होती."

"त्याला किती वर्षं झाली?"

"सहा."

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि मध्येच थांबली. "धाकटी पोटात होती तेव्हा," ती म्हणाली. त्याला नाही, वाफ्याकडे बघत.

मग म्हणाली, "खड्डा कुठपर्यंत होता? दाखवा तरी."

त्याने काठी घेतली. पालकाच्या पलीकडून रेघ ओढली. थोडं थांबून पुसली, टोमॅटोच्या पलीकडून ओढली.

"एवढाच?"

"पावसाळ्यात कडा ढासळायच्या."

रेघ अजून एक पाऊल खोलीकडे आली. मग अजून एक. रेघ तिच्या दाराच्या पायरीला टेकली तेव्हा त्याने काठी खाली घेतली.

पायरीवर छोट्या चपलांचा जोड होता. तिने तो उचलला, पदराने दोन्ही तळ पुसले आणि तसाच हातात धरून उभी राहिली. आत ठेवावा की बाहेर, ते तिला ठरवता येईना.