शून्याचा सूर

माझा कान चुकत नाही. बढाई म्हणून सांगत नाही, मालवणात कुणालाही विचारा. भजनात कोरसमधला एकजण पाव सूर उतरला तरी मी टाळ खाली ठेवून त्याच्याकडे बघतो. म्हणून तर सांतान रेडिओवाला माझ्याकडे आला.

साल त्रेसष्ट. शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत मदतनीस हवा होता आणि ती जागा सांतानला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. त्याला ती हवीच होती, कारण रेडिओ दुरुस्तीवर त्याचं घर चालत नव्हतं. लोक आधी रेडिओला थापडा मारत, आणि निम्मे रेडिओ थापडेनेच बोलू लागत! पण त्यानेच शाळेत बसवलेलं विजेवरचं घड्याळ रोज आठ-दहा मिनिटं मागे पडू लागलं. शाळा उशिरा सुटू लागली. हेडमास्तर म्हणाले, "ज्याचं घड्याळ असं, त्याच्या हाती प्रयोगशाळा कशी द्यायची? शनिवारी कमिटीपुढे काय ते बोला."

"बुवा, घड्याळाक काय एक झालेला नाय," सांतान मला म्हणाला. "वीजच सुस्त चलता."

मग त्याने मला समजावलं. वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते आणि घड्याळ त्याच चालीवर चालतं. गावाला वीज देणारं डिझेल इंजिन मंदावलं की शून्यं कमी पडतात आणि घड्याळ मागे राहतं. पण हे कमिटीला दाखवायचं कसं? त्यासाठी लागणारा, विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर शाळेत होता, तो गेल्याच वर्षी जळाला. आणि विजेची तार सरळ टेबलावर आणायला हेडमास्तरांची सक्त मनाई होती, कारण त्यांना एकदा पंख्याचा झटका बसला होता.

सांतानने वीतभर बांबूची नळी घेतली. एका तोंडाला टेस्टरमधला इवलासा दिवा बसवून तो विजेला जोडला. दुसऱ्या तोंडाला, मोडलेल्या सिनेमाच्या मशीनमधला उजेड ओळखणारा डोळा. शून्य आलं की दिवा क्षणभर विझायचा. आपल्याला ते दिसत नाही, पण त्या डोळ्याला दिसायचं, आणि डोळ्याला जोडलेला बॅटरीवरचा रेडिओ 'घूं' करायचा.

"आणि माझं काम काय?" मी विचारलं.

"सूर सांगूचो. इंजिन मंदावला काय घूं उतरतलो."

सकाळी गावात दिवे-पंखे बंद असतात, तेव्हा ते घड्याळ रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेशी बरोबर चालायचं. त्या वेळचा घूं मी माझ्या पेटीशी लावून पाहिला. काळी चार या पट्टीच्या खर्जाशी चिकटून बसला.

शनिवारी दुपारी कमिटी जमली. हेडमास्तर टेबलापासून चार हात दूर उभे.

"सर, वीज ह्या तोंडाशी थांबते," सांतान शाळेसाठी राखून ठेवलेल्या मराठीत म्हणाला. "पुढे फक्त उजेड जातो."

"म्हणजे सोवळ्यातली वीज!" हेडमास्तरांचा चेहरा उजळला आणि त्यांनी चक्क रेडिओवर हात ठेवला.

रेडिओ घुमला. मी पेटीची तीच पट्टी दाबली, पुन्हा दाबली. सूर तंतोतंत लागला होता! कमिटी बसणार हे गावभर झालं होतं, आणि इंजिन चालवणाऱ्या दत्तारामाने त्या दिवशी इंजिन अगदी शिस्तीत धरलं होतं.

सांतान माझ्याकडे बघत होता. 'उतरला' एवढंच म्हणायचं होतं. कमिटीत कोणाला कळणार होतं? पण मी उतरलेल्याला लागलेला म्हटलं नाही जन्मात, लागलेल्याला उतरलेला कसा म्हणू? स्वतःचाच राग आला मला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सांतानने मान खाली घातली. हेडमास्तरांनी कागद पुढे ओढला. "म्हणजे वीज ठीक. दोष घड्याळातच."

तेवढ्यात बाजारातली विजेवरची पिठाची गिरण सुरू झाली, इंजिनावर भार पडला आणि घूं घसरायला लागला.

"उतरला!" मी ओरडलो. "अजून उतरतोय! पार काळी तीनवर आला!"

"बुवा, मित्राची बाजू घेऊ नका," एक सभासद म्हणाला.

"त्यांनी आत्ताच मित्राच्या विरुद्ध सांगितलं ना?" हेडमास्तर कागद तसाच ठेवून म्हणाले. "मग आता का खोटं बोलतील?"

इतक्यात खिडकीत कोणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं तर गजांना धरून मजा बघत दत्ताराम उभा!

"दत्ताराम, तू हंय?" मी म्हणालो. "मगे इंजिनार कोण आसा?"

"कोण नाय," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं. इंजिनाचा वेग तो हाताने सांभाळायचा. तो धोतर सावरत धावत सुटला.

कोणी उठलं नाही. हेडमास्तर घड्याळाकडे, कमिटी माझ्याकडे, मी रेडिओकडे बघत राहिलो. सातव्या मिनिटाला घूं हळूहळू वर सरकला आणि पेटीला येऊन मिळाला.

"लागला," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी कागदावर सांतानचं नाव लिहिलं.  बाहेर पडल्यावर सांतानने माझा दंड धरला.

"बुवा, पयल्यांदा खोटा बोललो असतंस तर?"

"तर मगे माझा कोणी ऐकला नसता, आणि तू रेडिओच थापटत बसलो असतंस," मी म्हणालो, पण आनंदाने माझाच सूर चांगलाच उतरला.