हाउसरांची शेवटची विद्यार्थिनी

देवदत्तने मोठा ड्रम दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि पुढचं काही दिसत नसल्यामुळे पायानं अंदाज घेत तो सभागृहाच्या पायऱ्या चढू लागला. मागून त्याची बायको ऊर्मिला सिंबल्सची जड पिशवी घेऊन येत होती. मधूनच "डावीकडे" किंवा "सांभाळून" म्हणत होती, एवढंच. सकाळपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ड्रमवादक आल्फ्रेड हाउसर जाऊन महिना झाला होता. त्सुफेनहाउझेन या जर्मन उपनगरात, देवदत्तच्याच इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर ते राहायचे. आज त्यांच्या आठवणीसाठी ओळखीची माणसं जमणार होती. तळघरातले ड्रम इथवर आणायला मदत कराल का, असं त्यांच्या बायकोनं, फ्राउ हाउसरनी, शेजारी म्हणून देवदत्तला विचारलं होतं. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

सगळे जमल्यावर हाउसरांचा जुना गिटारवाला मित्र बोलायला उभा राहिला. अमेरिकन सैनिकांच्या क्लबांमधून रॉक अँड रोल नुकतं कुठे गावात झिरपायला लागलं होतं, तेव्हा सतरा वर्षांचा आल्फ्रेड दारापाशी उभा राहून ते ऐकायचा. या भागात ते वाजवणारा पहिला जर्मन पोरगा तोच. नाचाच्या ऑर्केस्ट्रात पहिल्या मात्रेवर जोर द्यायची शिस्त होती. हा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असा काही घाव घालायचा, की खुर्चीत बसलेली माणसं उभी राहायची. एका बँडमास्तरानं त्यापायीच त्याला हाकलून दिलं, आणि पुढच्याच हंगामात त्या मास्तराचे निम्मे वादक आल्फ्रेडकडे आले.

सभागृह हसलं. इरा हसली नाही. ती रांगेच्या टोकाला, हात जॅकेटच्या खिशात घालून बसली होती. देवदत्त आणि ऊर्मिलाची ही पंधरा वर्षांची मुलगी आईनं फारच हट्ट धरल्यामुळे आली होती.

ऐंशी ओलांडलेल्या हाउसरांनी तिला दर शनिवारी तळघरात नेऊन ड्रम शिकवले होते, तेही आपण होऊन. इरा जिन्यावरून उड्या मारत खाली जायची आणि गाल लाल करून वर यायची. मग गणित आणि भौतिकशास्त्राचे मार्क घसरले. गिम्नाझियममधून, म्हणजे तिच्या शाळेतून, बोलावणं आलं. इथली शाळा एकदा हातची गेली की मुलगी मागे पडली, या धास्तीनं देवदत्तला झोप येईना. त्यानं शिकवणी बंद करायचं ठरवलं. अभ्यासासाठी बंद करतोय असं तिला सरळ सांग, असं ऊर्मिला म्हणाली होती. पण इरा भांडली असती, रडली असती. देवदत्तने सोपी वाट धरली. हेर हाउसर आता कंटाळलेत, त्यांना तुला शिकवायचं नाहीये, असं त्यानं इराला सांगितलं. आणि खाली जाऊन हाउसरांना सांगितलं, की इराची हौस फिटली.

हाउसर ड्रमच्या काठ्या पुसत होते. "आख झो," असं होय, एवढंच ते म्हणाले, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर जिन्यात म्हातारा समोर आला की इरा मान खाली घालायची. ते हसायचे, ती भिंतीला चिकटून निघून जायची. देवदत्तने हे कितीदा तरी पाहिलं होतं. मार्क सुधारले, तेव्हा आता सांगून टाकू असं त्याला वाटलं. परीक्षा होऊ दे, सुट्टी लागू दे, असं करता करता हाउसर इस्पितळात गेले आणि तिथून परत आले नाहीत.

भाषणं संपली, कॉफी आली. फ्राउ हाउसर कप घेऊन सरळ इराच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आल्फ्रेडनंच सांगून ठेवलंय. शिकवणी बंद झाली ती त्याच्यामुळे. हात थरथरायला लागले होते. तुझ्यासमोर काठी पडली असती तर त्याला सोसलं नसतं. म्हणून त्यानंच तुझ्या बाबांना विनंती केली, की मुलीला काहीतरी कारण सांगा."

देवदत्तने हातातला कप खाली ठेवला. शिकवणी बंद झाल्यावरही, गेल्या उन्हाळ्यापर्यंत, दुपारचा तळघरातून हाउसरांचा ठोका ऐकू यायचा. एकही ठोका कधी डळमळला नव्हता.

"तू जिना चढताना कठड्यावर बोटांनी ताल धरायचीस ना?" फ्राउ हाउसर बोलतच होत्या. "तो दार किलकिलं करून ऐकायचा. म्हणायचा, हिची हौस कुठे जाणार आहे."

हे शेवटचं बोलताना त्यांनी देवदत्तकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं त्याच्या सांगण्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता, आणि तरी जाता जाता सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

"म्हणजे मी वाईट वाजवत नव्हते?" इरानं जर्मनमध्ये विचारलं. फ्राउ हाउसरनी तिचा हात हातात घेतला. इरानं बाहीनं डोळे पुसले आणि ती बापाकडे वळली. घरात ती एरवी मराठीला जर्मनमध्येच उत्तर द्यायची.

"बाबा," ती शब्द शोधत मराठीत म्हणाली, "तू त्यांचं सिक्रेट ठेवलंस. आणि मला वाटायचं, तूच त्यांना काहीतरी सांगितलंस. किती दिवस मला तुझा राग येत होता. सॉरी."

ऊर्मिलानं मान वर केली. ती नवऱ्याकडे बघत थांबली.

"इरा," देवदत्त म्हणाला.

"हं?"

तिचा चेहरा इतका मोकळा त्यानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"काही नाही," तो म्हणाला. "जा. वाजव जाऊन."

इरा उठली. जॅकेट काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती मंचावरच्या ड्रमकडे निघाली. ऊर्मिलानं आपला कप उचलला, आणि त्याच्या शेजारची खुर्ची सोडून ती फ्राउ हाउसरांजवळ जाऊन बसली.