तुरीच्या ढिगापाशी

माझा मुलगा अमरनाथ मणक्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर होता. म्हणून आमच्या छोट्या डाळमिलसाठी तूर घ्यायला सून मंजुश्री लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात गेली. पहिल्याच दिवशी सौद्याच्या गर्दीत तिची छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या आणि ती बोली न लावताच परत आली. डॉक्टरांनी ईसीजी काढून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका.

"माणिकप्पाला सांगतो," अमरनाथ म्हणाला. माणिकप्पा त्याचा चुलतभाऊ, मोंढ्यातला मुरलेला खरेदीदार. एकदा खरेदी त्याच्या हाती गेली की मंजुश्रीला मोंढा कायमचा बंद, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"उद्या मीच जाते," ती म्हणाली. "नाहीच जमलं, तर सांगा त्यांना."

मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. भीतीविषयी वाचलं होतं, पण सांगू की नको, यातच चहा गार झाला. शेवटी अडखळत म्हणालो, "भीतीशी भांडायचं नाही. आली तर येऊ द्यायची. लक्ष समोरच्या वस्तूवर न्यायचं. काय दिसतं, हाताला काय लागतं, वास कसला, चव कसली..."

"पुस्तकातलं कुठं चालतंय मोंढ्यात?" माझी बायको कमलम्मा म्हणाली.

मंजुश्री मात्र हसली. "आत्या, अप्पा तर तूर पारखायलाच सांगायलेत की!"

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. सौदा पुकारणारा एकेका ढिगापाशी थांबत होता, मागे खरेदीदारांचा घोळका. मंजुश्रीचा चेहरा पांढरा पडला. आपण हिला भलत्याच भरवशावर आणलं, असं मला वाटलं. "घरी जाऊ या का?" मी विचारलंसुद्धा.

वाकून तिनं ओंजळभर तूर घेतली. दाणे बोटांनी चोळले, रंग पाहिला, नाकाशी नेले, मग एक दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, दबला.

"वहिनी, बोली लावायला आल्या का न्याहारीला?" माणिकप्पा ओरडला. लोक हसले.

"ओली हाय ही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही घ्या, भावजी. मिलमध्ये चिकटली की मला नका सांगू."

हसणं थांबलं. दोघातिघांनी गुपचूप दाणे चावून पाहिले.

पुढच्या ढिगापाशी ती पुन्हा वाकली. कपाळावर घाम होता, श्वास जोरात चालला होता. या वेळी दाणा कट्कन फुटला. माणिकप्पानं भाव बोलताच तिनं हात वर केला.

"पन्नास वर!"

तो चढला. ती पुन्हा चढली. त्यानं बोली सोडली. पुकारणाऱ्यानं आमच्या मिलचं नाव घेतलं.

"कोण हो ह्या बाई?" शेजारच्या एका शेतकऱ्यानं विचारलं.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी तिथं इतक्या मोठ्यानं बोललो की चार माणसं वळली. "माझी सून आहे ती!"

ती ऐकायला थांबलीच नव्हती. हात पदराला पुसत ती पुढच्या ढिगाकडे निघाली होती.