कडेच्या दोन ओळी

मी एक जुनी ॲल्युमिनियमची शिडी आहे. मित्रांनो, टेक्सासच्या उत्तरेकडच्या सपाट मुलखात माझं आयुष्य गेलं. तिथे वसंतात लिंबाएवढ्या गारा पडतात.

मला ओडेल हॅस्किन्स या तपासनिसानं विकत घेतलं. गारांना टिकणारी डांबरी कौलं घातली की विमा कंपनी हप्त्यात सूट देते. कौलं खरंच तशी आहेत, हे ओडेल लिहून द्यायचा. खऱ्या कौलाच्या पाठीवर शिक्का असतो.

सुरुवातीला तो माझ्यावरून थेट छपराच्या माथ्यापर्यंत जाई. पुढे त्याचा गुडघा दुखू लागला. मग माझ्या वरच्या पायरीवर थांबून तो कडेचं एखादं कौल उचलून बघायचा आणि उतरायचा. ही कौलं घालून देणाऱ्या कॉय ब्रॅमलेट नावाच्या ठेकेदाराला ते फार आवडे. मला भिंतीला लावायला नेहमी तोच पुढे यायचा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एका सकाळी आम्ही वर्ना स्टबलफील्ड या म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेलो. ओडेलनं कडेचं कौल उचललं.

"शिक्का आहे ना? मग उतर की!" कॉय खालून म्हणाला. "गुडघ्याला कशाला छळतोस?"

वर्नाबाई अंगणात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. मागच्या बाकावरची पोरं गप्प बसली की समजायचं, काहीतरी शिजतंय. हा कॉय सकाळपासून फार गोड बोलतोय. ओडेल, माथ्यापर्यंत जा."

"बाई, माझ्यावर भरवसा नाही तुमचा?" कॉय म्हणाला.

"नाही. सोड ती शिडी. मी धरते."

ओडेल लंगडत वर गेला. कौल उचकटल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

"कोरं आहे," तो वरून म्हणाला. "कडेच्या दोन ओळी खऱ्या. वरचं सगळं साधं."

कॉयच्या आवाजातला गोडवा गेला. "अरे, माझ्या चौदा घरांच्या दाखल्यांवर सही आहे तुझी. बोललास तर तूही बुडशील."

ओडेल खाली उतरला. त्यानं वर्नाबाईंच्याच स्वयंपाकघरात बसून विमा कंपनीला पत्र लिहिलं, आणि दोषींत पहिलं नाव स्वतःचं घातलं.

मग तो मला घेऊन चौदाही घरी गेला. प्रत्येक छपराच्या माथ्यावर चढला. नऊ घरं फसलेली निघाली. लोक त्याला नाही नाही ते बोलले. त्याचा परवाना गेला. कॉयला कौलं उतरवून नव्यानं घालावी लागली, पण मे महिन्यात गारा आल्या तेव्हा दोन छपरं बदलायची राहिली होती. त्यांतलं एक फुटलं. ओडेल बादल्या घेऊन तिथे धावला. मालकानं बादल्या घेतल्या, त्याला आत घेतलं नाही. तो दारातच भिजत उभा राहिला.

आता मी वर्नाबाईंच्या पडवीत असते. मित्रांनो, माझ्या पायऱ्या पुसत जा, माझे खिळखिळे सांधे आवळा. पण एक ध्यानात ठेवा. मी फक्त कडेपर्यंत पोचवते. तिथून पुढे तुम्हालाच चढायचं असतं, आणि 'कशाला चढतोस' असं कुणी फार मायेनं म्हणालं, तर नक्की चढा.