उजव्या कुबडीचा हेवा

मी कुबडी बोलतेय. उजवी. हे मुद्दाम सांगते, कारण माझं सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे.

आम्ही दोघी जुळ्या. दुकानात एकाच दोरीने बांधून उभ्या होतो, तोवर आमच्यात काही वाकडं नव्हतं. मग आम्हांला खेळाच्या बाईंनी घेतलं. वय सत्तेचाळीस. मुलींना उंच उडी मारून दाखवायला गेल्या आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तोडून बसल्या. ऑपरेशन करून नवं बसवलं. लेकीने आमच्यावर 'उ' आणि 'डा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आमची वाटणी झाली.

शाळेने बाईंना सांगून टाकलं होतं, नव्या सत्रात मैदानावर उभ्या राहिलात तर ठीक, नाहीतर ग्रंथालय सांभाळा. बाईंचा पुस्तकांवर राग नव्हता, बसण्यावर होता.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, आता एक कुबडी सोडा. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. दुखरा पाय उजवा, मग आधारही उजवीकडेच हवा, असा सरळ विचार. डावी गेली कपाटामागे. मला आकाश ठेंगणं झालं. कपाटाजवळून जाताना मी मुद्दाम जोरात वाजायचे.

पण बाई माझ्यावर कलू लागल्या. पाऊल फेंगडं पडायचं, संध्याकाळी गुडघा टम्म फुगायचा. वजन चुकीचं येतंय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण येत असतं तरी मी गप्पच बसले असते.

मग एक दिवस मॅडम घरी आल्या. बाईंची चार पावलं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, गुडघा उजवा, तर कुबडी डाव्या हातात. चालताना उजव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जातो. मुलींना तुम्हीच शिकवता की."

बाई ओशाळल्या. मी कपाटामागे गेले आणि तिथून माझ्या जुळीची टकटक ऐकत जळत राहिले. आठ दिवसांत सूज उतरली, याचा तर मला जास्तच जाच झाला. महिन्याभराने तीही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, आलीस ना?

नवं सत्र सुरू झालं. बाई संध्याकाळी घरी यायच्या त्या बूट धुळीने माखून, गळ्यात शिट्टी घालून.

काल वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका ऑपरेशन करून आले. बॅडमिंटन, डावा गुडघा. बाईंनी आम्हां दोघींना काखोटीला मारलं आणि जिना चढल्या.

"एक सोडायची वेळ आली की ही 'डा' सोडा, 'उ' ठेवा," त्या काकांना म्हणाल्या. "मी उलटं करून बसले होते."

हेच ऐकायला मी इतके महिने झुरले होते. पण बाई आम्हांला भिंतीला टेकवून निघाल्या, कठड्याला हातही न लावता, भराभर खाली. त्यांच्या पावलांत टकटक नव्हती. तेव्हा कळलं, मी उगीच डावीवर जळले. हेवा करावा तर त्या पायाचा.

काका, मला हवे तितके दिवस ठेवा. फक्त माझ्यावर कलू नका.