देवीचे हात

"हालवू नको. वाळंस्तवर थांब," आबा म्हणाले.

माझा डावा हात दंडापर्यंत प्लास्टरच्या पट्ट्यांत होता. उजव्याचा साचा सकाळीच झाला होता. त्या हातात आता पुस्तक होतं.

आबा, माझे वडील, भरे गावातल्या चंद्रकांतशेठच्या कारखान्यात फायबरच्या ग्रीक देवी बनवायचे, फार्महाऊसच्या बागांसाठी. जवळच्या रिहे गावात फार्महाऊस असलेल्या एका बाईंनी हात नसलेली देवी सांगितली होती, माझ्याएवढी उंच.

"आबा, ती तशीच असते. जगभर तशीच विकतात."

"देवी हाय ना ती? मग खंडित कशी धाडायची कुनाच्या दारात? त्या बाईला कुनी सांगितलं नसंल."

मी हसले. लोक अडाणी म्हणतील, असं म्हणून पान उलटलं. आबांनी माझ्या अंगठ्यावरची विळीची जुनी खूणसुद्धा साच्यात नीट दाबून घेतली. आमचा तो शेवटचा साधा रविवार.

बुधवारी बाई कारखान्यात आल्या. पुढचं मला आबांसोबत काम करणाऱ्या वाल्मीकने सांगितलं. बाईंनी आधी फोटो काढले, मग हसल्या, मग चिडल्या. शेठ आबांना सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले. तो शब्द आबांनी माझ्याकडून आधीच ऐकला होता. तूच लावलेस, तूच काप, म्हणून शेठनी ग्राइंडर त्यांच्या हातात दिला. आबांनी देवीला नमस्कार केला आणि हात कापले. खांदे पुन्हा मुळातच तुटल्यासारखे दिसावेत म्हणून दुपारपर्यंत घासत राहिले. मग भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मूर्ती मात्र ठरल्या दिवशी रिह्याला पोचली.

चौदाव्या दिवशी मी आबांचा डबा आणायला गेले. हात भंगारात पडले होते. एकाच्या बोटांवर कुणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं. ते उचललं, तर खाली अंगठ्यावर विळीची खूण.

"मानूस चांगला होता," शेठ म्हणाले. "पन आपल्याच मनाचं करायचा."

मी ते फडकं त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं. देवीचे दोन्ही हात काखेत घेतले.

"ते कापलेलं घिऊन काय करनार, ताई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आबा," मी मोठ्याने म्हणाले, "हात लई चांगलं झाल्यात."