तेलाच्या वाटीचा डाग

सून म्हणाली, "बाबा, जेवणाचं टेबल आपण पांढरं करू या का?" आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

टेबल सागवानी होतं. लग्नानंतर आम्ही घरात आणलेली पहिली मोठी वस्तू. पॉलिश गेलं होतं, कडा घासल्या होत्या, पण चारही पाय घट्ट होते. त्याला काय धाड भरली होती?

"पांढऱ्यानं जेवणघर जरा उजळेल," ती म्हणाली.

मुलगा ताटात बघत जेवत राहिला. काही लपवायचं असलं की तो ताटात बघतो. लहानपणापासूनची सवय आहे.

मी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. उभी नोकरी लोकांचे चेहरे बघण्यात गेली. आमच्यातले जुने लोक सांगायचे, फुकट्या पकडायचा असेल तर लगेच तिकीट मागायचं नाही. आधी नुसतं बघत राहायचं. ज्याच्याकडे तिकीट आहे तो तुमच्याकडे बघतो. ज्याच्याकडे नाही तो खिडकीबाहेर बघतो. मागितलंत की माणूस सावध होतो आणि सबबी सुरू करतो. त्यामुळे विचारायचं शेवटी, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. ही म्हणायची, "अहो, घरात आल्यावर तरी तपासणी बंद ठेवा." ही गेल्यापासून तसं म्हणणारं कोणी उरलं नाही.

त्याच आठवड्यात सून आणि घरांचा एजंट जिन्याखाली बोलत उभे होते. आमच्या गल्लीतली सगळी खरेदी-विक्री तोच बघतो. मला बघून दोघं गप्प झाले. एजंट म्हणाला, "काय काका, तब्येत काय म्हणते?" एवढ्या वर्षांत त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी कधी केली नव्हती.

मग सून टेप घेऊन छोट्या खोलीचं दार मोजताना दिसली. त्या खोलीत हिचं शिवणयंत्र आहे आणि कपाट आहे. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "पडद्यासाठी मोजतेय, बाबा." पण पडद्याला उंची लागते. तिनं फक्त रुंदी मोजली होती. दारातून सामान बाहेर काढायचं असेल तर रुंदी मोजतात.

घर मी मुलाच्या नावावर केलेलं होतं. हीच म्हणाली होती, करून टाका, मागाहून कटकट नको. वरच्या मजल्यावरच्यांनी घर विकायच्या आधी भिंती, दारं, खिडक्या सगळं पांढरं करून घेतलं होतं. पांढरं केलं की खोल्या मोठ्या दिसतात म्हणे. नंतर एका सकाळी दाराशी टेम्पो लागला आणि त्यांचे म्हातारे वडील पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर घड्याळ घेऊन बसलेले मी गॅलरीतून बघितले. ते कुठे गेले, मला अजून माहीत नाही.

तेव्हा हिशेब सरळ होता. घर विकणार, हे दोघं दुसरीकडे जाणार आणि मला मुलीकडे पाठवणार. मुलगी चांगली आहे. पण तिच्या घरात ही कधी राहिलेली नाही.

मी म्हणालो, "करू पांढरं. पण रंगारी नको. मी करतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्हाला झेपेल?" मुलानं विचारलं.

"टेबलच आहे ना? मला काही जहाज रंगवायचं नाही."

माझा डाव साधा होता. टेबल अर्धवट आहे तोवर गिऱ्हाईक आणून घर दाखवता येणार नाही. आणि टेबल किती दिवस अर्धवट ठेवायचं, ते माझ्या हातात होतं.

पॉलिश पेपरनं जुनं पॉलिश काढायला मी भरपूर वेळ घेतला. खोलीभर भुसा उडायचा. सून रोज संध्याकाळी फडकं फिरवायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणंही मला खटकायचं. खाली लाकूड फिकट आणि स्वच्छ निघालं. फक्त एका जागी काळपट गोल डाग राहिला. ती हिची जागा, खिडकीकडे पाठ करून बसायची ती. हिची मनगटं दुखायची. रोज सकाळी वाटीत तेल कोमट करून ती तिथे ठेवायची आणि मनगटं चोळत बसायची. ते तेल लाकडानं पिऊन घेतलं होतं.

प्रायमरचा पहिला हात दिला. सगळीकडे पांढरं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो डाग पिवळा होऊन वर आला.

मी रंगवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान नाक्यावर आहे.

"तेल प्यायलेलं लाकूड आहे," तो म्हणाला. "त्यावर रंग धरणार नाही. आधी स्पिरिटनं पुसा, मग लाखेचे दोन हात द्या. लाख तेल दाबून धरते. त्यावर प्रायमर, त्यावर रंग."

"आणि लाख नाही लावली तर?"

"डाग वर येत राहील."

"कितीही हात दिले तरी?"

"कितीही द्या."

"बरं झालं," मी म्हणालो आणि नुसता पॉलिश पेपर घेऊन निघालो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग माझा क्रम ठरला. दोघं कामाला गेले की पॉलिश पेपर घ्यायचा, तेवढा गोल खरवडायचा, पुन्हा प्रायमर द्यायचा. डाग परत यायचा. जेवताना सून म्हणायची, "अजून दिसतोय, बाबा." मी म्हणायचो, "जुनं लाकूड आहे. हट्टी आहे." मुलगा ताटात बघायचा. आम्ही तेव्हा मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. मला एक मात्र कळून चुकलं होतं. तिथे घासताना तेलाचा वास यायचा, आणि डाव संपला असता तरी मी तेवढी जागा घासतच राहिलो असतो.

इकडे संशय वाढत होता. सुनेचे फोन गॅलरीत व्हायला लागले. एकदा दाराआडून माझ्या कानावर पडलं, "त्यांना अजून सांगितलं नाही. टेबल होऊ दे आधी." म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता. टेबल होणार आणि मला सांगणार.

एके दुपारी मी डाग खरवडत असताना कुलूप उघडल्याचा आवाज आला. सून लवकर आली होती. पॉलिश पेपर लपवायला जागा नव्हती. ती दारातच थांबली.

"काल दिलेला हात आज खरवडताय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. कळत होतं मी काय करतोय ते, तरी बघितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "रंगवाला भेटला होता. म्हणाला, तुमचे सासरे लाख न घेताच गेले, पण पॉलिश पेपर मात्र दर दोन दिवसांनी नेतात. टेबल खाताय का म्हणून विचारा, म्हणाला."

मग मी विचारलं. "एजंटशी काय बोलणं चाललंय?"

ती खुर्चीत बसली. पर्स मांडीवरच राहिली.

"आईचं घर विकतोय आम्ही."

"विहीणबाईंचं?"

"तिला दिसेनासं होत चाललंय, बाबा. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. मधलं दिसत नाही, कडेचं थोडंफार दिसतं. गेल्या महिन्यात शेगडी समजून भलतीकडेच पातेलं ठेवलं. एकटी कशी ठेवू?"

"आणि टेबल?"

"आपली फरशी काळपट, टेबल तपकिरी. मागच्या खेपेला ती टेबलाच्या कोपऱ्यावर दोनदा आपटली, तुम्ही बघितलंय. पांढरं असेल तर तिला निदान कळेल, इथे टेबल आहे म्हणून. छोट्या खोलीत तिची खाट जाते का, तेही बघत होते."

मी पॉलिश पेपरची घडी केली. "म्हणजे आधी टेबलाला विचारलं, आणि मला नंतर विचारणार होतात."

"तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी तिला घेऊन कुठे गेले असते?" तिचा आवाज चढला नाही. "खिडकीकडची आईंची खुर्ची झाडताना मी बोटभर सरकवली, तर तुम्ही ती परत जागेवर आणून ठेवता. खुर्ची हलवू देत नाही, तिथे माणूस कसा बसवू देणार?"

चपला घालून मी बाहेर पडलो.

तिच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी थेट एजंटकडे गेलो. तो ऑफिसात पंख्याखाली बसला होता.

"आमच्या सुनेचं काम कुठवर आलं?" मी सगळं ठाऊक असल्यासारखं विचारलं.

"कशाचं कुठवर, काका? तिसरा मजला, लिफ्ट नाही. गिऱ्हाईक पहिल्या मजल्यावरच दम खातं. तुमच्या विहीणबाई बिचाऱ्या खिडकीत बसून प्रत्येकाला सांगतात, हवा छान येते हो. हवेवर घर विकलं जात नाही."

"आणि आमचं घर?"

"तुमचं काढताय का?" तो ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावर एवढी खरी हाव दिसली की माझी खात्री पटली. त्याला आमच्या घराचं काही माहीत नव्हतं.

परत आलो तेव्हा सून स्वयंपाकघरात होती. मी जेवणघरात गेलो आणि हिच्या खुर्चीत बसलो. ही गेल्यापासून पहिल्यांदाच. बसून समोर बघितलं. माझ्या जागेवरून खिडकी नेहमी डोळ्यांवर येते. दुपारी तर ताटातलं नीट दिसत नाही, म्हणून मी कायम कुरकुर करायचो. इथून तसं नव्हतं. उजेड पाठीमागून येऊन सरळ टेबलावर पडत होता. ज्याला कमी दिसतं त्याला बसवायला त्या घरात तेवढी एकच जागा चांगली होती. मी मनात दुसऱ्या जागांवर बसून बघितलं. दोन्ही कडेच्या खुर्च्यांवर टेबलाचा अर्धाच भाग उजेडात येत होता. कितीही तपासलं तरी तीच जागा निघत होती.

सून दारात येऊन उभी राहिली. मी कुठे बसलोय ते तिनं बघितलं.

"विहीणबाईंना इथे बसवायचं," मी म्हणालो. "माझ्या जागी बसवशील तर त्यांना काहीच दिसायचं नाही."

"बरं."

"आणि शिवणयंत्र माझ्या खोलीत येईल. कपाटही. खाट जाते का दारातून?"

"दोन बोटं कमी पडतात."

"मग दार काढू. परत बसवता येतं."

ती पदराला हात पुसत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं होतं, बाबा? आम्ही काय करतोय असं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सवय आहे."

दुसऱ्या दिवशी रंगवाल्यानं मला बघितल्याबरोबर पॉलिश पेपर काढला. मी म्हणालो, "ते राहू दे. लाख दे." स्पिरिटनं पुसताना तेलाचा वास एकदा भरभरून आला, मग स्पिरिटचाच येत राहिला. लाखेचे दोन हात दिले, प्रायमर दिला, मग रंग. डाग वर आला नाही. मी रोज सकाळी उठून बघत होतो.

विहीणबाई आल्या त्या दिवशी काळ्या फरशीवरून चालत आल्या आणि टेबलाच्या कोपऱ्याआधी आपणहून थांबल्या. सुनेनं त्यांना हिच्या खुर्चीत जेवायला बसवलं. त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला. कडेपासून आत, आणि एका जागी हात थांबला.

"इथे खोलगट लागतंय."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. रोज घासून घासून तिथलं लाकूड खाली गेलं होतं. रंगात ते दिसत नव्हतं. मुलगा ताटात बघत होता.

"पेला तिथे ठेवा," मी म्हणालो. "हाताला बरोबर सापडेल."

त्यांनी पेला तिथे ठेवला, सोडला, परत उचलला आणि पाणी प्यायल्या.